गोंधळ शूट करायला घरी बनवलेला बॅटरीवरचा एलईडी लाइट

डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मामेभावाचं लग्न झालं आणि मग पुरंदर तालुक्यात मामाच्या गावी जागरण-गोंधळ घातला. आमच्याकडे गोंधळाला जे बाबा येतात ते आता सत्तरी ओलांडलेले आहेत, त्यांचा मुलगा संबळ छान वाजवतो पण तो कंपनीत नोकरीला, आणि सगळ्या देवांना गावांची नावं घेऊन बोलवायचं जे आवाहन असतं ते त्याला अजून अर्धंच येतं. म्हणून मी मोबाइल आणि स्टँड घेऊन गेले होते, की निदान एकदा तरी पूर्ण रेकॉर्ड व्हावं. रात्री अकराच्या सुमारास गावची लाइट गेली, जनरेटरवर मांडववाल्यांनी दोन पांढरे फोकस लावले आणि मी त्यातच तीन तास शूट केलं.

पुण्याला आल्यावर लॅपटॉपवर लावलं आणि बघवेना. बाबांचा चेहरा हिरवट, दवाखान्यात पडलेल्या माणसासारखा. कपाळावरचं कुंकू चॉकलेटी दिसतंय, भंडारा पिवळा नाहीच, मातकट. पूर्ण फ्रेमवर काळे पट्टे खालून वर सरकतायत. आणि ज्या दिवटीसमोर सगळं चाललंय ती दिवटी म्हणजे नुसता एक पांढरा ठिपका. मी त्या रात्री खरंच रडले.

मग कळलं की अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिल २०२५ ला, मामेबहिणीचं लग्न आहे आणि २ मेला शुक्रवारी पुन्हा गोंधळ, बाबाच येणार. म्हणजे हातात साधारण साडेचार महिने होते. दुकानात विचारलं तर चांगल्या रंगाचा, बॅटरीवर चालणारा पॅनेल बारा हजारांच्या पुढे, बॅटरी आणि चार्जर वेगळे. तेवढे पैसे नव्हते म्हणून घरी बनवायचं ठरवलं. मी कॉमर्सची, ऑफिसात अकाउंट्स बघते, सोल्डरिंग आयर्न आयुष्यात हातात धरलं नव्हतं. हे आधीच सांगते कारण कोणाला वाटेल की हे इंजिनिअर लोकांचं काम आहे, तर तसं नाहीये.

४ जानेवारीला शनिवारी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. पहिल्याच दुकानात "ताई, कशाला पाहिजे, पीओपीत टाकायला का?" असं विचारलं आणि मी हो म्हणून मोकळी झाले, कारण मला काय मागायचं तेच माहीत नव्हतं. १८० रुपयांची पाच मीटरची बारा व्होल्टची एलईडीची पट्टी घेऊन आले. संक्रांतीला मामाकडे गेले तेव्हा ती पट्टी त्याच्या फवारणी पंपाच्या बॅटरीला जोडून बघितली, बारा व्होल्ट आठ अँपिअर-अवरची लेड ॲसिड बॅटरी असते ती. उजेड भरपूर पडला, मला फार आनंद झाला. पण तासाभराने बघितलं तर उजेड उतरलेला. डोळ्याला फारसं जाणवत नाही पण पहिली क्लिप आणि शेवटची क्लिप शेजारी ठेवली की लगेच कळतं. बॅटरी उतरते तसे तिचे व्होल्ट उतरतात आणि या पट्ट्या थेट व्होल्टवर नाचतात, थोडे व्होल्ट कमी झाले की उजेड बराच कमी होतो. शिवाय ती बॅटरी उचलूनच हात दुखायला लागतो.

आणि रंग तर डिसेंबरसारखाच. १९ जानेवारीला मी एक साधी टेस्ट केली, ती तुम्ही पण नक्की करा, पैसे लागत नाहीत. स्टीलच्या ताटलीत एका बाजूला कुंकू, एका बाजूला हळद आणि मध्ये आईचा हात. सकाळी दहा वाजता गॅलरीत, उन्हात नाही, सावलीत, एक फोटो. मग खोली बंद करून त्या पट्टीखाली एक फोटो. उन्हाळ्यात वाळलेल्या मिरचीसारखा लाल असलेला कुंकवाचा ढीग पट्टीखाली विटेसारखा दिसत होता आणि आईच्या हाताचा रंग करडा झाला होता. याला कारण सीआरआय. एखाद्या लाइटखाली रंग किती खरे दिसतात त्याचा तो आकडा, शंभरपैकी. स्वस्त पट्ट्या सत्तर-ऐंशीच्या असतात आणि त्यांच्यात लाल रंगच कमी असतो. गडद लाल किती खरा दिसतो त्याचा वेगळा आकडा असतो, त्याला आर-९ म्हणतात, तो स्वस्त पट्टीत शून्याच्या आसपास असू शकतो. म्हणजे एरवी एखाद्या ऑफिसला चालेल तो लाइट, पण जिथे कुंकू, भंडारा आणि सावळी माणसं आहेत तिथे चालत नाही. दुकानदाराला वॅट विचारू नका, आधी सीआरआय विचारा, आणि त्याने पाकीट न बघता "एकदम हाय" असं सांगितलं तर पुढच्या दुकानात जा.

शेवटी ऑनलाइन मागवली. बारा व्होल्ट, २८३५ साइझचे एलईडी, मीटरला १२० दिवे, सीआरआय ९५, पाच मीटर, ११५० रुपये, सहा दिवसांत आली. रंग ३००० केल्विनचा घेतला, म्हणजे पिवळसर (हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा). यावर मी फार विचार केला होता कारण सगळे ५६०० घ्या, दिवसासारखा, असं सांगतात. पण दिवटीची ज्योत साधारण २००० केल्विनची असते, तिच्या शेजारी थंड पांढरा लाइट लावला की ज्योत एकतर नारिंगी भडक दिसते किंवा मरून जाते. मला ज्योतीच्या नात्यातला उजेड हवा होता. पट्टी आल्या आल्या कुंकवाची ताटली पुन्हा ठेवली आणि कुंकू लाल दिसलं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की होईल हे.

आता बॅटरी, ज्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. वाचून, विचारून ठरवलं की लिथियम फेरो फॉस्फेट घ्यायची, सोलर स्ट्रीट लाइटमध्ये असते ती, दुकानात "एलएफपी" किंवा "फॉस्फेट" म्हटलं की कळतं. ३.२ व्होल्टचे चार सेल एका ओळीत, म्हणजे १२.८ व्होल्ट, ६ अँपिअर-अवर, ७६.८ वॅट-अवर. लॅपटॉपमध्ये असतात त्या लिथियम सेलपेक्षा वजनाला जास्त पण तापून पेट घ्यायचा धोका त्यांच्यामानाने खूप कमी, आणि संपत येईपर्यंत व्होल्ट जवळजवळ सपाट राहतात. शंभर माणसांच्या मांडवात, तांदळाच्या चौकाशेजारी ठेवायची वस्तू आहे, तिथे मला दोनशे रुपये वाचवायचे नव्हते.

२७ जानेवारीला ऑनलाइन ऑर्डर केली. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा फोन, की लिथियम बॅटरी विमानाने जात नाही, रोडने येईल, वेळ लागेल. ठीक आहे म्हटलं. मग ट्रॅकिंगवर सहा दिवस एकाच हबचं नाव. ८ फेब्रुवारीला पार्सल आलं, मी सुदैवाने उघडतानाचा व्हिडिओ काढला (काढाच, त्याशिवाय कोणी ऐकून घेत नाही) आणि ३५० रुपयांच्या नव्या मल्टिमीटरने पॅकच्या बारीक पांढऱ्या कनेक्टरवर एकेक सेल मोजला. ३.३१, ३.३०, ३.३१ आणि चौथा ०.९. मी तीनदा मोजलं. शेजारच्या गल्लीत मोटर रिवायंडिंग करणारे एक काका आहेत, त्यांना दाखवलं तर ते लगेच म्हणाले, "पोरी, हा सेल मेलाय, याला चार्जिंगला लावू नकोस." इतका खाली गेलेला सेल परत चार्ज करणं धोक्याचं असतं, चालला तरी भरवसा नाही.

परत करणं हे मोठंच प्रकरण झालं. विक्रेता म्हणतो पिकअप लावतो, पिकअपला आलेला मुलगा म्हणतो बॅटरी आहे, मी नेऊ शकत नाही. विक्रेता म्हणतो मग तुम्ही स्वतः कुरिअर करा. कुरिअरच्या काउंटरवर मला एमएसडीएस मागितला, म्हणजे त्या मालाच्या सुरक्षिततेची माहितीपत्रिका, ती बनवणाऱ्याकडून येते. विक्रेत्याला मेल केला, त्याने चार दिवसांनी पाठवली ती दुसऱ्याच मॉडेलची. पुन्हा मेल. जीएसटी बिल, उघडतानाचा व्हिडिओ, मल्टिमीटरचे चार फोटो, बॅटरीवरच्या बारकोडचा फोटो, कॅन्सल केलेला चेक. माझं रोजचं काम कागदांचंच आहे तरी मी कंटाळले. मी एक केलं, प्रत्येक फोननंतर त्याच मेलवर दोन ओळी लिहून टाकायचे, "आज तुमच्याशी असं बोलणं झालं", त्यामुळे शेवटी कोणाला काही नाकारता आलं नाही. ५ मार्चला पैसे परत आले आणि बॅटरी तुम्हीच विल्हेवाट लावा असं कळवलं. ती कचऱ्याच्या गाडीत टाकायची नसते, मी टोकांना टेप लावून ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात नेऊन दिली.

या सगळ्यात महिना गेला होता म्हणून परतीची वाट न बघता १ मार्चलाच सोलर लाइटचे पॅक बांधून देणाऱ्या एका लोकल दुकानातून १६५० ला तसलाच पॅक घेतला. दुकानातच चारही सेल मोजून घेतले, बिलावर सहा महिन्यांची वॉरंटी शिक्क्यासकट लिहून घेतली. आतमध्ये बीएमएस नावाचं संरक्षणाचं सर्किट असतं, ते फॉस्फेटचंच आहे ना हे विचारा, कारण साध्या लिथियमचं वेगळं असतं आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. चार्जर पण १४.६ व्होल्टचा फॉस्फेटचाच, ४५० रुपये. फवारणी पंपाचा चार्जर लावू नका. आणि मी चार्जिंग नेहमी फरशीवर, घरात जागं कोणीतरी असतानाच करते.

बॅटरीची भांडणं चालू होती तेव्हा, फेब्रुवारीत, संध्याकाळी रिवायंडिंगवाल्या काकांकडे बसून सोल्डरिंग शिकले. आयर्न, तार, फ्लक्स मिळून ४०० रुपये. पहिले चार-पाच दिवस सगळे जोड मोत्यासारखे गोल व्हायचे आणि ओढले की निघायचे. काका म्हणाले, "आधी कल्हई कर. भांड्याला करतात ना तशी. वायरला वेगळी, पट्टीला वेगळी, मग दोघांना एकत्र तापव." हे एक वाक्य ऐकलं आणि जमलं. जोड चकचकीत आणि कडेला पसरलेला दिसला की चांगला, गोळा दिसला की कच्चा.

आता बांधणी. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडून ३० बाय ३० सेंटिमीटरचा दोन एमएमचा ॲल्युमिनियमचा पत्रा, २२० रुपये. बोर्डवाल्याकडचा एसीपी घेऊ नका, तो दिसतो ॲल्युमिनियमसारखा पण मध्ये प्लास्टिक असतं, उष्णता बाहेर जात नाही आणि एलईडी लवकर जातात. या पट्टीला दर तीन दिव्यांनी, म्हणजे अडीच सेंटिमीटरवर कापायची खूण असते, त्यामुळे ३० सेंटिमीटरचे बारा तुकडे बरोबर बसतात. ४३२ दिवे, ३.६ मीटर, साधारण ३५ वॅट. बारा तुकड्यांचे सगळे प्लस एका वायरला, सगळे मायनस दुसऱ्या वायरला, २४ जोड, ते मला दोन रविवार पुरले. तुकड्यांच्या कापलेल्या टोकाला तांबं उघडं असतं आणि ते पत्र्याला टेकलं की शॉर्ट, म्हणून टोकांखाली टेप लावली आणि मल्टिमीटर बझरवर ठेवून (दोन टोकं एकमेकांना जोडलेली असली की तो वाजतो) पत्रा आणि दोन्ही वायरी तपासल्या. एका ठिकाणी बझर वाजलाच, सातवी पट्टी. ते न तपासता बॅटरी लावली असती तर काय झालं असतं याचा विचार करून मी दहा मिनिटं नुसती बसून राहिले.

उजेड कमीजास्त करायला मी आधी १२० रुपयांचा डिमर आणला होता, पट्टीसाठी मिळतो तो गोल बटणवाला. ९ मार्चला लावून मोबाइलने शूट केलं तर तेच काळे पट्टे, डिसेंबरवाले! तो डिमर खरं तर उजेड कमी करत नाही, लाइट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. तपासायला कॅमेऱ्याचं शटर १/५०० सेकंदावर ठेवून बघायचं, पट्टे असतील तर लगेच दिसतात. मग उपाय सापडला तो एक्सएल ४०१५ नावाचा छोटा कन्व्हर्टर, १४० रुपये. तो बॅटरीचे व्होल्ट घेऊन आपण ठरवू तेवढे स्थिर व्होल्ट देतो, म्हणजे उजेड उतरणं पण गेलं आणि व्होल्ट कमी केले की उजेड खरोखर कमी होतो, चालू-बंद नाही. त्यावरचा व्होल्टचा इवलासा स्क्रू काकांनी काढला आणि त्या जागी १० किलोओहमचा बाहेर फिरवता येणारा पॉट, म्हणजे फिरवायचं बटण, लावून दिला, १५ रुपये. एक सांगते, बारा व्होल्टची पट्टी आठ व्होल्टच्या आसपास जवळजवळ विझते, त्यामुळे तुमचं सगळं काम आठ ते बारा यातच असतं. आणि बारावर आधी मल्टिमीटरने खूण करून घ्या, त्याच्या फार वर गेलं की पट्टी तापते आणि लवकर जाते.

पहिला कन्व्हर्टर मी उलटा जोडला. घाईत प्लस-मायनस बदललं, ठप्प असा बारीक आवाज, धूर, आणि तो वास दोन दिवस खोलीत होता. हात थरथरत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून थेट नाना पेठेत जाऊन बाइकचा फ्यूज होल्डर आणि पाच अँपिअरचे फ्यूज आणले, पन्नास रुपये, आणि उलटा बसूच शकत नाही असा पिवळा एक्सटी-६० कनेक्टर, साठ रुपये. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, प्लसच्या वायरवर. हे काम मी सगळ्यात आधी करायला हवं होतं, तुम्ही आधी करा.

पुढून दुधी ॲक्रेलिक, नंबरप्लेटवाल्याकडून, ३०० रुपये. फोटोफ्रेम करणाऱ्याने देवाच्या तसबिरीला करतात तशी खोल लाकडी फ्रेम २०० मध्ये करून दिली, दिवे आणि ॲक्रेलिकमध्ये चार सेंटिमीटर अंतर राहील अशी, म्हणजे ठिपके न दिसता सलग उजेड येतो. मागच्या पत्र्याला हवा लागली पाहिजे, तो झाकायचा नाही. ६५० चा स्टँड, ९० ची वायर. एकूण ६,१६५ रुपये झाले, त्यात पहिली पट्टी, डिमर आणि जळलेला कन्व्हर्टर हे ४४० वाया गेले.

६ एप्रिलला घड्याळ लावून टेस्ट केली. पूर्ण बारा व्होल्टला एक तास पंचावन्न मिनिटं. साडेदहा व्होल्टला १.७ अँपिअर घेतो, तिथे पावणेचार तास. पत्रा गरम होतो पण हात ठेवता येतो. कन्व्हर्टर मात्र चांगला तापतो, त्याला छोटं हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, चिकटवलं. कोणी विचारेल म्हणून, १०० वॅट-अवरच्या आतली सुटी लिथियम बॅटरी विमानात केबिन बॅगेतूनच न्यावी लागते, पण घरी जोडलेल्या, नीट लेबल नसलेल्या पॅकला सिक्युरिटीवाले अडवू शकतात, मी तरी नेणार नाही.

२ मे. संध्याकाळीच मामाकडे पोचले, बाबा चौक मांडत होते, त्यांच्याजवळ बसून लाइट दाखवला आणि विचारलं की बाबा, हा इथे कडेला लावू का. त्यांनी हात पुढे धरून उजेड तळव्यावर घेतला, म्हणाले, "डोळ्यात घालू नकोस म्हणजे झालं. आणि दिवटीच्या आड येऊ नकोस." मग मांडववाल्या दादांना विनंती करून चौकासमोरचे दोन फोकस बंद करून घेतले, मागचे राहू दिले, लोकांना जेवायला वाढायचं होतं. लाइट बाबांच्या डाव्या हाताला, तिरका, डोक्यापेक्षा थोडा वर, स्टँडच्या पायाला पाच लिटरचा पाण्याचा कॅन बांधला कारण पोरं पळत असतात. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची उजेडाच्या रंगाची सेटिंग) ३२०० वर लॉक, शटर १/५०, म्हणजे मागच्या मेन्सवरच्या लायटींचे पण पट्टे येत नाहीत. मामा येऊन म्हणाला, "झालं का गं तुझं? देव बसलेत."

दहाच्या पुढे सुरू झालं ते तीनपर्यंत. लाइट मी साडेदहा व्होल्टवरच ठेवला, मधे चहाला थांबले तेव्हा बंद केला, बॅटरी पुरली. पावणेबाराला लाइट गेली आणि जनरेटर चालू होईपर्यंतची जी तीन-चार मिनिटं होती त्यात मांडवात फक्त दोन उजेड होते, दिवटी आणि माझा लाइट. बाबा थांबले नाहीत. एकेक गाव, एकेक देव, संबळ चालूच. रेकॉर्डिंगमध्ये ती चार मिनिटं माझ्याकडे आहेत, दिवटीची ज्योत पिवळी, तिच्यावरचा धूर दिसतो, तेल ओतलं की ती मोठी होते आणि बाबांच्या गालावरचा उजेड हलतो. कुंकू लाल आहे. पूर्ण आवाहन, बेचाळीस मिनिटं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्यांच्या मुलाला पेन ड्राइव्हवर दिलं, तो आता बसमध्ये जाता-येता ऐकतो.

पाच मीटरमधली १.४ मीटर पट्टी उरली होती, ती मामीने गोठ्यासाठी मागून घेतली. मीच फवारणी पंपाच्या जुन्या बॅटरीला, फ्यूज लावून, जोडून दिली. फक्त बॅटरी चार्जिंगला असताना लाइट लावायचा नाही असं सांगितलंय, कारण तेव्हा व्होल्ट चौदापर्यंत चढतात आणि पट्टी जळू शकते. मामीने ते खडूने गोठ्याच्या दारावर लिहून ठेवलंय.